अक्षर जड नसते

‘मराठी घातले की संगणक मंदावतो’ हे वाक्य आपण कार्यालयात किंवा टंकलेखनाच्या दुकानात कधी ना कधी ऐकलेले असते. मी कविता लिहिणारा माणूस. आपल्या लिपीवर असा आळ आला की अस्वस्थ होतो. या तक्रारीत तथ्य किती, हे एका साध्या उदाहरणावरून पाहू.

पूर्वी मोठा संगणक एका खोलीत असे आणि त्याला तारेने जोडलेले पडदे दुसरीकडे. पडदा आणि कळफलक यांच्या या जोडीला टर्मिनल म्हणत. १९७८ साली ‘व्हीटी-१००’ हे टर्मिनल आले. त्याच्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत, म्हणजे १,९२० सारख्या चौकटी. छापखान्यातले खिळे आठवा. अक्षरांचे आकार यंत्रात तयारच असत. कोणत्या चौकटीत कोणते अक्षर, एवढेच सांगायचे. पुढे घरगुती संगणकाच्या अक्षरी पडद्यावर ८० गुणिले २५ चौकटी आल्या. त्या सगळ्यांचा हिशेब अवघ्या ४,००० बाइटमध्ये बसे.

आता ते यंत्र गेले, पण त्याचे सोंग वठवणारा प्रोग्रॅम उरला. आपल्या बहुरूप्यासारखाच! खिडकीत तो जुने टर्मिनल होऊन बसतो. मात्र त्याच्याजवळ खिळे नाहीत. तो पाट्या रंगवणाऱ्या पेंटरसारखा एकेक अक्षर ठिपक्यांनी रंगवतो. १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांच्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर सुमारे ८३ लाख बाइट. एक ओळ वर सरकली की हा पसारा हलवायचा, आणि यादी लाख ओळींची असेल तर लाख वेळा. त्यात आणखी एक मेख आहे. पडद्याची रंगवणूक मागे पडली की माहिती पाठवणारा मूळ प्रोग्रॅमही ताटकळतो. म्हणजे केवळ दिसणेच नव्हे, कामच लांबते.

यात देवनागरी आली की काय होते? इंग्रजीत एक अक्षर, एक संकेत, एक चौकट. आपल्या ‘स्त्री’मध्ये सहा संकेत आहेत. ‘कि’मध्ये संगणक आधी क साठवतो, मग वेलांटी, दाखवताना मात्र वेलांटी आधी हवी. उर्दूत तर शब्दातल्या जागेप्रमाणे अक्षराचा आकार बदलतो आणि ओळ उजवीकडून डावीकडे चालते. ही जुळवणी प्रत्येक ओळीला नव्याने केली तर वेळ लागणारच.

पण यावर तोड निघाली होती, आणि तीही आपल्याकडेच. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. ही संस्था १९८८ची. संगणकात एक कार्ड बसवायचे. भारतीय लिप्यांची जोडणी ते कार्डच करी आणि अक्षरी पडद्यावर मराठी उमटे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने या लिप्यांसाठी ‘इस्की’ हे संकेतमानकही ठरवले. म्हणजे आजच्या मानाने दुबळ्या यंत्रांवरही देवनागरी चालत होती.

आजचे उपायही अवघड नाहीत. पडदा साधारणपणे सेकंदाला ६० वेळाच नवा होतो. मग मधल्या हजार ओळी रंगवायच्या कशाला? आलेल्या सगळ्या ओळी आधी वाचून घ्याव्यात आणि शेवटचे चित्र तेवढे काढावे. ‘एक्सटर्म’ या जुन्या प्रोग्रॅममध्येही अशा उड्या मारण्याची सोय आहे. एकदा जुळवलेला शब्द जपून पुन्हा वापरावा. रंगवण्याचे काम चित्रांसाठी असलेल्या वेगळ्या चिपकडे द्यावे. नव्या टर्मिनलांपैकी काही तसे करतात. आणि वापरणाऱ्याने लांबलचक यादी पडद्यावर न ओतता सरळ फाइलीत उतरवावी.

दोष लिपीवर ढकलला की त्याचा परिणाम खोल जातो. ‘मराठी नको, इंग्रजीतच ठेवा’ असा निर्णय कोणीतरी घेतो, आणि मग शेतकऱ्याला स्वतःच्या कागदावरचे स्वतःचे नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. म्हणून यापुढे कोणी ‘मराठीमुळे संगणक अडतो’ म्हणाले, तर एवढेच विचारा : अक्षर अडते की ते रंगवण्याची रीत?