सॅन लोरेन्झोच्या फरशीखाली

फ्लोरेन्समधील सॅन लोरेन्झो चर्चसमोर उभा राहिलेला प्रवासी प्रथम थोडा निराशच होतो. मायकेलअँजेलोने दर्शनी भागाचा आराखडा केला होता, पण त्यावर संगमरवर कधी चढलाच नाही. खडबडीत भिंत शतकानुशतके उघडी आहे. आत मात्र ब्रुनेलेस्कीचे करड्या दगडाचे खांब आणि शुभ्र भिंती मनाला शांत करतात.

हे मेदिची घराण्याचे चर्च. थोरला कोझिमो (मृत्यू १४६४) वेदीसमोर फरशीखाली विसावला आहे, त्याचा आवडता शिल्पकार दोनातेल्लोही जवळच. मागच्या बाजूने वेगळे तिकीट काढून मायकेलअँजेलोने घडविलेल्या दफनगृहात जाता येते. तेथे दोन ड्यूकांच्या थडग्यांवर दिवस-रात्र आणि उषा-संध्या पहुडल्या आहेत. ‘रात्री’च्या डाव्या स्तनात शिल्पकाराने कर्करोगाची गाठ दाखविली आहे, असे एका अमेरिकन कर्करोगतज्ज्ञाने २००० साली सुचविले होते. मायकेलअँजेलोने शवविच्छेदने केली होती हे खरे. तरी नुसत्या दर्शनावरून केलेले हे निदान मला धाडसाचे वाटते.

माझे पाऊल अडखळले ते तळघरात. २००४ मध्ये शेवटचा ग्रँड ड्यूक जान गास्तोने (मृत्यू १७३७) याच्या दफनस्थळाखाली संशोधकांना एक विस्मृत खोली सापडली. तीत लहान मुलांचेही अवशेष होते. सोळाव्या-सतराव्या शतकांतील नऊ मेदिची बालकांच्या हाडांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सहा जणांना मुडदूस होता! युरोपातील एका अतिश्रीमंत घराण्याची ही मुले. रासायनिक तपासणीवरून ती सुमारे दोन वर्षांपर्यंत अंगावर पीत असावीत असे दिसले. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व अल्पच. त्यात अंगभर घट्ट गुंडाळलेली, महालाच्या सावलीत वाढलेली ही बाळे. ऊन त्यांच्या वाट्याला फारसे आलेच नसावे.

मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. सुखवस्तू घरच्या गुटगुटीत बाळाच्या आईला मी निर्धास्तपणे सांगत असे, “अंगावर पितोय ना, मग काही देऊ नका.” रोजचे ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब मी लिहू लागलो ते पुष्कळ उशिरा. मधल्या काळातील किती मनगटे मी नीट चाचपली नाहीत, कोण जाणे.

तळघरातून जिना चढून वर गेले की अष्टकोनी राजकुमारांचे चॅपेल लागते. भिंती रंगीत दगडांनी मढविलेल्या. सहप्रवासी माना वर करून पाहत होते. मी मात्र पुन्हा एकदा जिना उतरून खाली गेलो.