झाडावरची एक रात्र

"रान बघूक पैसे मोडून जातास? आमच्या पडवीत बसलास तरी रानच दिसता मां!"

सासूबाईंनी अडकित्त्यावरची नजरही न काढता टोला हाणला. आम्ही तिघी एकमेकींकडे बघून गप्प बसलो, कारण त्यांचं काही चुकत नव्हतं. आमचं आरोंदा म्हणजे तेरेखोल नदीच्या खाडीकाठचं गाव. किरणपाण्याचा पूल ओलांडला की गोव्याचा पेडणे तालुका. पुढ्यात खाडी, कांदळवन, माडाच्या बागा आणि पाठीमागे काजू-फणसांचा डोंगर. अशा गावातल्या बायकांनी गणपती गेल्या गेल्या तीन दिवस 'निसर्ग बघायला' आंबोलीला जायचं आणि त्यातली एक रात्र झाडावर बांधलेल्या खोलीत काढायची, म्हणजे गावाला चघळायला विषयच!

पण मैत्रिणींनो, आमचं जाणं नुसत्या हौसेचं नव्हतं. त्यामागे एक सातबारा होता.

घरामागच्या डोंगरात आमची दीड एकर जमीन आहे. पूर्वी खालच्या अंगाला भाताचे कुणगे होते, वर काजू. आता कुणगे पडीक आहेत. माणसं मिळत नाहीत आणि जे पेरावं ते रानडुकरं खातात. 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून आमच्या वाडीत जमिनी विचारत येणाऱ्या गाड्या वाढल्या. त्यातलेच एक गृहस्थ वर्षभर आमच्याकडे येत होते. त्यांना तो डोंगर हवा होता. झाडांवर लाकडी खोल्या बांधून पाहुणे ठेवायचे, असा त्यांचा बेत. भाव बरा सांगत होते. माझा मुलगा आणि पुतण्या दोघेही तयार झाले. "नाहीतरी त्या रानाचा उपयोग काय?" हा त्यांचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

गंमत अशी, की सही लागणार होती ती मुख्यतः बायकांची. मोठे दीर गेल्यावर मोठ्या जाऊबाईंचं, म्हणजे आमच्या वैनींचं, नाव लागलं. नणंद पेडण्याला दिलेली, तिचं नाव सासऱ्यांच्या मागे वारस म्हणून आहेच. माझं नाव नाही, माझ्या नवऱ्याचं आहे. कागद तयार झाले तेव्हा नणंद सहज बोलून गेली, "झाडार घर बांधतत म्हणजे करतत तरी काय? सही करूच्या आधी एकदा बघून तरी येवया." वैनी हसल्या, आणि हसता हसता बेत ठरला.

निघण्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सांगायला नकोच. तीन दिवसांची कालवणं, वाटून ठेवलेलं खोबरं, "गॅस बंद करा" म्हणून चिकटवलेली चिठ्ठी, मांजराचं दूध. बाई घराबाहेर पडते तेव्हा अर्धं घर डोक्यात घेऊनच पडते. पहाटे सातेरी भद्रकालीला गाऱ्हाणं घातलं आणि सावंतवाडीची एसटी पकडली. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. "अर्ध्या तिकिटात पुरी मजा," नणंद म्हणाली.

सावंतवाडीहून आंबोली साधारण तीस किलोमीटर. दाणोली सोडली की घाट सुरू होतो. या वाटेवरून मी माहेरच्या लग्नांना गडहिंग्लजला कितीदा गेले असेन! पण दर वेळी मांडीवर मूल, नाहीतर पायाशी आहेराच्या पिशव्या. घाटात डोळे मिटायचे, उलटी होऊ नये म्हणून लिंबू हुंगायचं, एवढीच आंबोलीची ओळख. या वेळी प्रथमच खिडकीबाहेर बघितलं. सप्टेंबर संपत आलेला, धबधबे अजून जिवंत होते. एका वळणावर धुकं थेट गाडीत शिरलं आणि वैनींनी पदर डोक्यावरून घेतला.

आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटर उंचावर आहे. वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या लष्करी छावणीकडे माल जायचा, त्या रस्त्यावरचा हा मुक्काम. इंग्रजांच्या काळात त्याचं थंड हवेचं ठिकाण झालं. पावसाचं म्हणाल तर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. कपडे वाळतात कधी, हा माझा पहिला प्रश्न! आम्ही जिच्या घरी उतरलो त्या बाईंनी चुलीवर बांधलेली दोरी दाखवली.

दुपारी हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून पाणी येतं, समोर कुंड, शंकराचं देऊळ. इथली एक गोष्ट ऐकून मी थक्क झाले. या कुंडातल्या पाण्यात बोटाएवढा एक मासा आहे. 2020 साली तो शास्त्रज्ञांनी नवा म्हणून जगापुढे आणला आणि त्याच्या नावातच 'हिरण्यकेशी' घातलं. 2021 साली राज्य सरकारने देवळाभोवतीची 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवाचं पाणी म्हणून लोकांनी तिथे जाळं टाकलं नाही, म्हणून तो मासा राहिला असेल का? माझ्या मनात आलं खरं. आणि हे पाणी जातं कुठे? आमच्या समुद्राकडे पाठ फिरवून आजरा, गडहिंग्लजकडे. घटप्रभेतून कृष्णेत आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र इथून नजरेच्या टप्प्यात, पण ही नदी निघाली पूर्वेला!

दुसऱ्या दिवशी सकाळी एका वाटाड्या मुलाबरोबर सड्यावर फिरलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. आमच्याकडे सड्याला कुणी किंमत देत नाही, 'कातळ' म्हणून सोडून देतात. त्या कातळावर तेरड्याची गुलाबी चादर होती आणि ओलसर जागी सीतेची आसवं नावाची निळी, नखाएवढी फुलं. ही एवढीशी वनस्पती पाण्यातले बारीक जीव पकडून खाते, हे त्या मुलाने सांगितलं तेव्हा वैनी म्हणाल्या, "दिसता गरीब, पण पोटापुरता मेळवता." त्यानेच आंबोली टोडबद्दल सांगितलं. पिवळसर अंगावर पट्टे असलेला हा बेडूक 2009 साली नवा म्हणून ओळखला गेला आणि तो या परिसराबाहेर सापडत नाही. पावसाच्या रात्री असे जीव रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली मरतात. पावसाळ्यात रात्री घाटातून जाणाऱ्या तुमच्या घरच्यांना गाडी सावकाश हाकायला सांगा, एवढी विनंती मी तेव्हापासून प्रत्येकाला करते.

तिथून गेळे गावच्या हद्दीतल्या कावळेसाद पॉइंटला गेलो. भर पावसात इथे दरीत पडणारं पाणी वारा उलटं वर फेकतो. आम्ही गेलो तेव्हा धार बारीक झाली होती, पण वारा तोच. तोंडावर तुषार येत होते. कठड्याला घट्ट धरून उभ्या राहिलो. फोटोच्या नादात कठडा ओलांडणाऱ्यांचे जीव इथे गेले आहेत, तेव्हा पोराबाळांना आवरा. थोड्या वेळाने धुकं फाटलं आणि खाली शिरशिंग्याची शेतं दिसली. वाटाड्याने बोट दाखवलं. "तो मनोहरगड. तेरेखोल नदी त्या डोंगरातून निघते."

आम्ही तिघी एकदम गप्प झालो. जिच्या काठावर आमची लग्नं लागली, जिच्या पाण्यात आम्ही तिसऱ्या काढल्या, ती नदी कुठून येते हे पन्नाशी उलटेपर्यंत बघितलं नव्हतं. तिथलं रान पाणी धरून ठेवतं आणि ते पुढे बांद्यावरून आमच्या दारात येतं. रानाचा उपयोग काय, या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथे मिळालं.

उरलेलं अर्धं त्या रात्री मिळालं.

झाडावरची खोली आंबोलीच्या जवळच्याच एका वाडीत होती. खरं सांगायचं तर ती झाडावर नव्हती, झाडाला टेकलेली होती. जमिनीत लोखंडी खांब, त्यावर लाकडी तक्तपोशी आणि मधून आरपार गेलेला जांभळीचा बुंधा. वीस पायऱ्यांचा जिना. वैनींचे गुडघे दुखरे, पण एकेक पायरी मोजत त्या चढल्या. वर पोचून खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "ह्यो तर आमचो माळोच!"

माळो म्हणजे शेतातला मचाण. भात पोटरीला आलं की आमचे सासरे आणि मोठे दीर रात्री माळ्यावर झोपायला जायचे. डुकरं आली की डबा बडवायचा, आरोळ्या घालायच्या. वैनी रोज संध्याकाळी त्यांची भाकरी घेऊन माळ्याखाली जायच्या. बत्तीस वर्षांच्या संसारात वर मात्र एकदाही चढल्या नाहीत. बाईमाणसाने माळ्यावर कशाला चढायचं? "खाली उभी ऱ्हवान भाकरी वर द्यायची आणि घराक येवचा. ते रातभर वर काय बघतत, ता कधी कळलाच नाय," त्या म्हणाल्या.

त्या रात्री त्यांनी बघितलं. आधी काळोख, मग हळूहळू काळोखातली झाडं. रातकिडे. कुठेतरी घुबड. मध्यरात्रीनंतर खाली मोडामोड झाली. तीन गवे, काळ्या दगडासारखे, चरत चरत निघून गेले. नणंदेने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. वैनी मात्र खिडकीशी बसून होत्या, पहाटेपर्यंत.

मला 1952 सालची केनियातली गोष्ट आठवली. इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ तिथल्या ट्रीटॉप्स या झाडावरच्या मुक्कामात राहिली होती. त्याच रात्री तिकडे तिचे वडील वारले आणि राजकन्या म्हणून वर चढलेली ती खाली उतरली ती राणी होऊन. नरभक्षक वाघांच्या शिकारीमुळे आपल्याला ठाऊक असलेले जिम कॉर्बेटही तेव्हा तिथे होते. आमच्या वैनी काही राणी झाल्या नाहीत. पण सकाळी उतरल्या तेव्हा त्यांनी गुडघ्याची तक्रार केली नाही, एवढं मी बघितलं.

खाली न्याहारीला घावणे आणि नारळाचा रस होता. करणारी बाई आमच्याच वयाची. तिच्या हाताला चव होती. वैनींनी विचारलं, "तुमी हंयच्याच काय?" ती म्हणाली, "हंयचीच. ही जमीन आमचीच होती." तिच्या नवऱ्याने आणि दिराने आठ वर्षांपूर्वी विकली. पैसे आले, घराला स्लॅब पडला, मुलाला गाडी झाली, पैसे संपले. आता ती इथे स्वयंपाक करते. तिची कुणाबद्दल तक्रार नव्हती. "मालक बरो आसा. पगार येळार येता. पण माझ्याच हातान लायलेल्या फणसाक हात लावचो तर आता इचारूचा लागता."

एवढंच म्हणून ती घावणा उलटायला गेली. आमच्या तिघींच्या पानातले घावणे तसेच राहिले.

परतीच्या एसटीत नणंदेने हिशेब मांडला. एका रात्रीचे आम्ही साडेचार हजार मोजले होते. "दीड एकर इकून येतले ते एकदाच येतले," ती म्हणाली. आंबोलीच्या घरमालकीण बाईंनी 'आई' धोरणाचं सांगितलं होतं, त्याची मी घरी आल्यावर चौकशी केली. राज्याच्या पर्यटन विभागाने 2023 साली हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. बाईच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला पर्यटन व्यवसाय असेल, त्याची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी असेल, तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा ठरावीक मर्यादेत परतावा मिळतो. हप्ते वेळेवर भरायला हवेत, हे आलंच. बचत गट चालवलेल्या बाईला हप्त्याची भीती कुणी घालू नये!

तुम्हालाही जावंसं वाटलं तर काही गोष्टी सांगते. गणपतीनंतर आणि भातकापणीच्या आधी जा. घट्ट बसणारे बूट, बॅटरी आणि जळवांसाठी मिठाची पुडी घ्या. माकडांना खायला देऊ नका. झाडावर राहणार असाल तर रात्री दिवे आणि गप्पा बंद ठेवा, नाहीतर काहीच दिसणार नाही. आणि मुलांना, नवऱ्यांना घरी ठेवून एकदा तरी जा.

घरी आल्यावर काय झालं? वाद झाला. पुतण्या आठ दिवस बोलत नव्हता. त्याचंही बरोबर आहे. त्याला दुकान टाकायचं आहे आणि आमच्या बेताचे पैसे काही उद्या येणार नाहीत. ते गृहस्थ दोनदा फोन करून गेले. वैनींनी एवढंच सांगितलं, "वरीसभर सही नाय. मग बघूया." पुढे काय होईल ते मलाही ठाऊक नाही. कर्ज मिळेल की नाही, पाहुणे आरोंद्यापर्यंत येतील की नाही, हे प्रश्न आहेतच.

पण गेल्या रविवारी वैनींनी पुतण्यालाच हाताशी घेतलं आणि पडक्या माळ्याचे जुने खांब उकरून काढले. दोन कुजले होते, दोन अजून धड आहेत. सासूबाई काठी टेकत डोंगरापर्यंत आल्या, खांबांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माका वर चढूक जमात असो जिनो करा."

त्याही कधी वर चढल्या नव्हत्या.