इस्माईलचाचा कोणत्या भाषेत बोलतो?

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द उच्चारायला जड आहे, पण ती वस्तू आता मोबाइलमधून आपल्या घरात येऊन बसली आहे. चॅट-जीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून लग्नपत्रिकेच्या मजकुरापासून तहसीलदारांच्या नावे करायच्या अर्जापर्यंत काय वाटेल ते यंत्राकडून लिहून घेण्याची सवय आपल्याला लागली. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. गणिताशी माझे कधी जमले नाही. तरीही हे यंत्र लिहिते कसे, ते समजून घ्यावेसे वाटले. त्याचे आणि माझे भांडवल एकच, शब्द!

समजा मी म्हटले, 'आभाळात ढग...' तर पुढचे तुम्हीच सांगाल, 'दाटून आले'. यंत्र हेच करते. ते वाक्याचे बारीक तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याला आकडा देते आणि आजवर वाचलेल्या अफाट मजकुराच्या हिशेबाने पुढे कोणता तुकडा येण्याचा संभव जास्त, ते ठरवते. मग त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा. अधूनमधून थोडा कमी संभवाचा तुकडाही उचलते, म्हणून तोच प्रश्न दोनदा विचारला तरी उत्तर तंतोतंत तेच येत नाही. (आपण तरी वेगळे काय करतो? गावात कुणी गेले की मोबाइलवर एकाखाली एक पन्नास वेळा 'भावपूर्ण श्रद्धांजली' येते. ती माणसांनीच पाठवलेली असते.)

तेव्हा सगळा प्रश्न यंत्राने काय वाचले याचा आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते. पण विकिपीडियावर मराठी लेख लाखाच्या आसपास, तर इंग्रजी लेख सत्तर लाखांच्या घरात. त्या थोडक्या मराठीतही छापील, प्रमाण मराठीच अधिक. आमच्या सोलापूरकडचे 'काय करायलास?' त्यात कितीसे असणार?

माझा भाचा शाळेत शिक्षक आहे. स्नेहसंमेलनासाठी त्याला दहा मिनिटांची नाटिका हवी होती. मारुतीअण्णा आणि इस्माईलचाचा हे शेजारचे दोन शेतकरी, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचे भांडण. त्याने मोबाइलला सांगितले आणि मिनिटभरात नाटिका हजर. मारुतीअण्णा मराठीत बोलत होता. इस्माईलचाचा मात्र 'अरे भाई, हमारा पानी' म्हणत हिंदी सिनेमातून थेट विहिरीवर आला होता, आणि भांडण मिटल्यावर सगळ्यांना बिर्याणीचे आमंत्रण देत होता.

यात यंत्राचा द्वेष नाही. इस्माईल हे नाव आले की पुढे हिंदी येण्याचा संभव त्याच्या हिशेबात जास्त, इतकेच. तो हिशेब आपल्याच सिनेमांनी आणि मालिकांनी घालून दिला आहे. आमच्या घरात दखनी बोलतात, तीही सिनेमातली हिंदी नव्हेच. पण बांधावर, बाजारात, एसटीत आमची भाषा मराठी. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून घुमला. हे सारे घडून गेलेले आहे. पण यंत्र घडलेले मोजत नाही, जे वारंवार लिहिले गेले ते मोजते.

भाच्याने पुन्हा सांगितले, इस्माईलचाचा मराठीच बोलतो. मग चाचा म्हणाला, 'मारुतराव, पाण्याचे न्याय्य वाटप व्हावे अशी माझी नम्र अपेक्षा आहे.' आम्ही पोट धरून हसलो. शेवटी भाच्याने दोन शेतकऱ्यांना चहाला बोलावले आणि त्यांचे बोलणे ऐकत संवाद उतरवून घेतले.

या यंत्राचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीत एका आजोबांची नजर गेली आहे. मोबाइल त्यांना आलेले पत्र वाचून दाखवतो, त्यासाठी आता ते कुणाची वाट पाहत नाहीत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'भाषिणी' सुरू केली. तिच्या 'भाषादान' उपक्रमात कुणालाही आपल्या भाषेतली वाक्ये बोलून देता येतात. यंत्राच्या कानावर निरनिराळे आवाज पडावेत, हा हेतू.

माझी खाला ऐंशी ओलांडलेली आहे. भाजीवालीशी ती जे मराठी बोलते, तसे मला कवितेतही साधत नाही. मी तिला भाषादानाची कल्पना समजावून सांगितली. तिने दोन गोष्टी विचारल्या. पैसे मिळतात का, आणि माझा आवाज घेऊन ते पुढे कुणाला देणार? दान म्हटल्यावर पैसे कुठले, असे मी सांगितले. दुसऱ्या प्रश्नावर आमचे बोलणे अजून चालू आहे.