घरीं घडविलेला कळफलक

आपल्या भोर तालुक्याच्या सीमेस लागून असलेल्या शिरवळ येथें गोदरेज कंपनीच्या कारखान्यांत २००९ पर्यंत टंकलेखनयंत्रें तयार होत असत. त्या यंत्राची कळ दाबली कीं तिला जोडलेला दांडा उचलला जाई व त्याच्या टोकावरील अक्षर शाईच्या फितीवर आपटून कागदावर उमटे. अक्षर धातूंत घडविलेलें, म्हणून तें ज्या कळीस दिलें तिचेंच राही. देवनागरीचीं अक्षरें व चिन्हें पुष्कळ आणि कळा थोड्या. त्यामुळें मराठी यंत्रावर 'ख' किंवा 'ग' लिहावयाचा तर आधीं त्याचें अर्धें रूप उमटवून मग काना द्यावा लागे.

संगणकाच्या कळफलकाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या कळीवर छापलेलें अक्षर म्हणजे नुसती पाटी. 'अमुक जागेची कळ दाबली गेली' एवढाच निरोप कळफलक संगणकास धाडतो. अक्षर कोणतें, तें संगणक ठरवितो. हें ध्यानांत आल्यावर गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मीं स्वतःच एक कळफलक जोडावयास घेतला.

प्रत्येक कळीखालीं एक स्वतंत्र स्विच असतो. त्यांत एक दांडी, एक स्प्रिंग व धातूच्या दोन पट्ट्या असतात. दांडी सुमारें ४ मिलिमीटर खालीं जाते; पैकीं निम्मी वाट सरली कीं पट्ट्या एकमेकींस टेकतात व प्रवाह सुरू होतो. आतां ६० स्विचांना ६० तारा नेल्या, तर मायक्रोकंट्रोलरच्या चिमुकल्या पट्टीवर तितकी जागा कोठून आणावी? म्हणून ५ ओळी व १२ रकाने यांची जाळी विणतात. मग १७ तारा पुरतात. गुरुजी बांकाबांकानें हजेरी घेतात, तसा मायक्रोकंट्रोलर एकेका ओळीची विचारपूस करतो, आणि हा फेरा सेकंदास शेंकडों वेळां होतो.

या जाळींत एक खोड आहे. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्या, तर प्रवाह आडवाटेनें फिरतो व चौथी कळही दाबल्याचा भास होतो. म्हणून प्रत्येक स्विचला एक डायोड जोडतात; त्यांतून प्रवाह एकाच दिशेनें जातो. डायोडच्या एका टोकास पट्टा असतो आणि ते सर्व पट्टे एकाच बाजूस यावे लागतात. पुण्याच्या तपकीर गल्लींतून आणलेल्या डायोडांना डाख देतांना मीं एक संपूर्ण ओळ उलटी बसविली. बारा कळा मुक्या! दोष शोधण्यांत एक संध्याकाळ गेली, आणि डाख सोडवितांना एक बोट भाजलें तें निराळेंच.

मायक्रोकंट्रोलरमध्यें घालावयाच्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. क्यू.एम.के. नांवाचें फर्मवेअर विनामूल्य मिळतें व तें आपणांस बदलतां येतें. स्विचच्या पट्ट्या टेकतांना किंचित् उसळतात. त्यामुळें एकदां दाबलेला 'क' दोनदां उमटूं नये, म्हणून तें सुमारें ५ सहस्रांश सेकंद थांबून मगच दाब खरा मानतें. एका कळीनें अनेक कळांचे निरोप ओळीनें धाडावे, अशीही आज्ञा त्यांत लिहितां येते. मला हवी होती ती हीच सोय.

मराठींत 'दर्या' म्हणजे समुद्र व 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. गुंजवणी-वेळवंडीच्या खोऱ्यांत राहणाराला हा भेद सोडून कसें चालेल? तोरण्यावरील निबंधांत 'दर्या' पडला, कीं वेल्ह्यांत समुद्र शिरलाच! इनस्क्रिप्ट रचनेंत 'ऱ्या' लिहिण्यास आधीं शिफ्टसह 'ऱ', मग हलन्त, मग 'य' व शेवटीं काना द्यावा लागतो. मीही पूर्वीं कंटाळून साधा 'र' दाबून मोकळा होत असें. आतां उजव्या अंगठ्याखालील एक कळ पहिले तीन निरोप एका दाबांत पाठविते. काना तेवढा मी देतों. संगणक मात्र मराठी इनस्क्रिप्टवर असला पाहिजे, एरव्हीं तीच कळ इंग्रजी 'जे', 'डी' व एक तिरकी रेघ उमटविते. तसें कळफलकास अक्षर ठाऊकच नाहीं!

त्या कळीवर मीं कांहींच लिहिलें नव्हतें. धाकट्या बहिणीनें पांढऱ्या रंगानें तिच्यावर दोन डोंगर काढले आहेत.