अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतरचे जेवण

गळीत सुरू झाले की रसाचा आग्रह आलाच. पण अन्ननलिकेच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेल्या माणसाला तो करू नका, असे आम्ही मुद्दाम सांगतो. या ऑपरेशनात बहुधा जठराचीच नळी करून वर छातीत घेतात. अन्न साठायला जागा उरत नाही. रस, काकवी, गोडमिट्ट चहा झपाट्याने आतड्यात उतरतो. मग घाम फुटतो, छाती धडधडते, घरची माणसं घाबरून जातात. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहायचे, पण खरे ते खरे!

दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे, चावून खावे. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने. जेवून लगेच आडवे होऊ नये. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवाव्यात. घास अडकू लागला तर लपवू नये. जोडाची जागा आवळली असेल तर डॉक्टर ती दुर्बिणीतून रुंद करू शकतात. आणि पाहुण्यानं चार घासांत हात आखडला तर "एवढंच?" म्हणू नका.