कोठीचं कुलूप

दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारं रयतेला खुली केली, ही गोष्ट मंगळवेढ्यात शेंबड्या पोरालाही येते. आमच्या घरी ती आज्जी सांगायची आणि सांगताना तिच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजायचा. पंतांनी बादशाही धान्य वाटून टाकलं. आज्जी मात्र गुळाच्या ढेपेलाही कुलूप लावून ठेवायची.

जुन्या वाड्यात थोरल्या दाराला कुलूप क्वचितच लागे. घरात कायम माणसं. रात्री आतून अडसर सरकवला की झालं. कुलूप असे ते कोठीला, पेटाऱ्याला. बायकांच्या हातात रोज असणारी वस्तू, म्हणून कारागिरानं तिच्यात जीव ओतलेला.

आमच्या कोठीचं कुलूप म्हणजे ओंजळीत मावणारा पितळी घोडा. त्याची शेपटी पाठीवरून वळून मानेपर्यंत येते, तीच कडी. कडीच्या टोकाला पोलादाच्या दोन लवचीक पट्ट्या आहेत. छत्रीच्या दांडीवरचा खटका जसा दाबला की मिटतो आणि सुटला की वर येतो, तशाच या. कडी आत सारताना भोकातून जाईपर्यंत त्या मिटतात आणि पलीकडे गेल्या की फाकतात. मग ओढा कितीही. उघडायला किल्ली फिरवायची नाही, समोरून सरकवायची. किल्लीच्या टोकाच्या खाचेत पट्ट्या चिमटल्या जातात आणि कडी मागे निघते. किल्लीचं भोक घोड्याच्या छातीवर, गळ्यातल्या पदकाखाली. पदक बाजूला सरतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याला भोक सापडतच नाही.

मला मौज वाटते ती याची. इथे नक्षी नुसती शोभेची नाही, ती राखण करते. वाड्यांच्या दारांवरच्या फुल्याही तशाच. फळ्या आडव्या पट्ट्यांना जखडणाऱ्या खिळ्यांची ती डोकी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे तर हत्तीनं धडक देऊ नये म्हणून.

नक्षीत बिदरची बिदरी कला मोठी, हे मला मान्य आहे. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत कोरून चांदीची तार ठोकायची आणि किल्ल्यातली माती नवसागरात कालवून चोळायची. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच लखलखते. 2006 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बिदरीची सुरई नुसती बघायची. कुलूप वापरायचं!

असा घोडा आधी मेणाचा घडवत. त्यावर मातीचा लेप, मग भट्टी. मेण वितळून गेलं की त्या पोकळीत पितळ ओतायचं आणि साचा फोडायचा. म्हणून तंतोतंत जोडी कधी मिळत नाही. पुढे कानस आणि छिन्नी. 1897 साली अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलपं बनवायला घेतली. पुढे कारखान्यातलं कुलूप जास्त भरवशाचं ठरलं, हे कबूल करायलाच हवं. पदकाखालचं भोक एकदा कळलं की आमच्या घोड्याचा निम्मा पहारा संपतो.

जुन्या बाजारात अशी कुलपं शोभेची म्हणून मिळतात, बहुतेक किल्लीविना. घ्यायचंच असेल तर किल्ली मागा, कडी दाबून खटका ऐका. शिवाय नक्षीवरून नख फिरवा. छिन्नीनं कोरलेली रेघ नखाला धार लागल्यासारखी जाणवते. साच्यातून ओतलेली नक्षी बोथट लागते. बोथट लागली, तर पितळेच्या वजनापेक्षा फार जास्त पैसे मोजू नका.