जीवाकार (डंजन्स अँड ड्रॅगन्स)

जीवाकार ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या नियमांतील एक संकल्पना आहे. या खेळातील प्रत्येक जीवाला, मग तो मनुष्य असो, घोडा असो वा ड्रॅगन, एक आकारगट दिलेला असतो. वजन किंवा बळ यांपेक्षा तो जीव लढताना किती जागा अडवतो, हे या गटावरून प्रामुख्याने कळते.

इतिहास

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. खेळाच्या जुन्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत आकाराचा परिणाम शस्त्रांवर होत असे. लांब तलवारीच्या घावासाठी मनुष्याएवढ्या शत्रूवर आठ बाजूंचा, तर मोठ्या शत्रूवर बारा बाजूंचा फासा टाकला जाई. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत नऊ गट होते आणि लहान जीवांवर नेम धरणे कठीण मानले होते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सहाच गट आहेत व नेमाचा हा हिशेब वगळला आहे.

गट व जागा

टायनी, स्मॉल, मीडियम, लार्ज, ह्यूज आणि गार्गॅन्टुअन अशी गटांची मूळ नावे आहेत. मराठीत त्यांना अनुक्रमे इवला, लहान, मध्यम, मोठा, विशाल व महाकाय म्हणता येईल. पटावरील एक चौकट ५ फुटांची धरतात. लहान व मध्यम जीव एक चौकट व्यापतात. मोठा जीव दोन बाय दोन, विशाल तीन बाय तीन, तर महाकाय चार बाय चार किंवा त्याहून अधिक चौकटी घेतो. मांजर इवल्या गटात, मनुष्य मध्यम, वाघ व घोडा मोठ्या, तर हत्ती विशाल गटात मोडतो. कोयनेच्या जंगलातील गव्यालाही मोठ्या गटातच बसवावे लागेल.

मनुष्य काही ५ फूट रुंद नसतो. शस्त्र चालवताना तेवढी जागा त्याच्या ताब्यात राहते, असा या नियमाचा अर्थ आहे. म्हणूनच ५ फुटी दारात एक योद्धा उभा राहिला की शत्रूची वाट बंद होते. मराठीत ज्याला खिंड लढवणे म्हणतात तेच येथे नियमात उतरले आहे. मात्र दोन गटांचा फरक असल्यास शत्रूच्या जागेतूनही जाता येते. इवला जीव मनुष्याच्या पायांतून आणि मनुष्य हत्तीच्या पोटाखालून निसटू शकतो. वाघाच्या बाबतीत फरक एकाच गटाचा असल्याने ही सवलत नाही.

पकड, वजन व स्वारी

आपल्यापेक्षा एका गटाने मोठ्या जीवापर्यंतच पकड घालता येते, त्यापुढे नाही. गटाच्या आत मात्र कुस्तीसारखे वजनगट नाहीत. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. या खेळात त्यांच्या दुप्पट वजनाचा मल्लही मध्यमच ठरला असता. बखरींतील धिप्पाड अफजलखान आणि शिवाजी महाराज प्रतापगडाच्या पायथ्याशी भेटले, तेव्हाही नियमाच्या दृष्टीने दोघांचा गट एकच! बळाचा आकडा प्रत्येक पात्राला वेगळा असतो आणि पकडीचा निकाल त्यावर लागतो.

ओझे वाहण्याची क्षमता मध्यम गटानंतर प्रत्येक पायरीला दुप्पट होते. शरीर वाढवणाऱ्या मंत्राने उंची, लांबी व रुंदी दुप्पट होते, तर वजन आठपट. हा हिशेब भूमितीशी जुळतो. एवढे होऊनही घावात केवळ चार बाजूंच्या एका फाशाची भर पडते, हे थोडे कंजूषपणाचे वाटते. वाहन स्वारापेक्षा किमान एका गटाने मोठे असावे लागते. तट्टू मध्यम गटातले असल्याने त्यावर मनुष्याला बसता येत नाही, पण लहान गटातील हाफलिंगला येते.

२०१४ च्या नियमांत लहान जीवांना अवजड शस्त्रे नीट पेलत नसत. २०२४ च्या सुधारित नियमांत ही अट आकाराऐवजी बळाच्या किंवा चपळाईच्या आकड्याला जोडली असून, मनुष्य पात्रालाही लहान व मध्यम यांपैकी एक गट निवडता येतो.